बदल केल्यावर कोरलना खरंच फायदा होतोय हे कसं ठरवायचं?

सागरगोटा

माझ्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी ३०० लिटर (संप, म्हणजे खालची फिल्टरची टाकी धरून, खडक वजा करून). कोरल असे: वर ॲक्रोपोरा (फांद्यांचा) आणि मॉन्टिपोरा (ताटलीसारखा), खाली युफिलिया आणि झोआ. गेल्या सहा आठवड्यांत तीन बदल केले आहेत:

अल्क (अल्कलिनिटी, म्हणजे सांगाड्यासाठी लागणारं कार्बोनेट; एकक डीकेएच) ७.५ वरून ९.० डीकेएच, दोन आठवड्यांत हळूहळू.
लाइट ५५ टक्क्यांवरून ७० टक्के, एका आठवड्यात.
काचेवर शेवाळ येत होतं म्हणून फॉस्फेट काढणारा लोहाचा मीडिया रिॲक्टरमध्ये लावला.

आता दिसतंय ते असं. पॉलिप (कोरलची स्पर्शक असलेली छोटी तोंडं) आधीपेक्षा जास्त बाहेर येतात. अल्कचा रोजचा वापर ०.६ वरून ०.९ झालाय. मॉन्टिपोराची पांढरी कड रुंद झालीय. पण एक ॲक्रोपोरा वरच्या बाजूने फिकट पडलाय आणि त्याची दोन टोकं पूर्ण पांढरी आहेत. अल्क डिजिटल चेकरवर मोजतो, कॅल्शियम थेंबांच्या किटवर.

या बदलांचा फायदा होतोय असं म्हणायचं का? यातल्या कोणत्या खुणेवर विश्वास ठेवायचा आणि निकाल लावायला किती दिवस थांबायचं?

खारेपाणी३५

आधी ०.६ आणि ०.९ हे आकडे कसे आले ते बघा. आज मोजलं, उद्या मोजलं, वजाबाकी केली, असं असेल तर ते दोन्ही आकडे एकच असू शकतात. डिजिटल अल्क चेकरची अचूकता साधारण ±०.३ डीकेएच असते. सलग दोन दिवसांच्या वजाबाकीत ही चूक दोन्ही बाजूंनी येते, म्हणजे वाईटात वाईट ०.६. मोजायची गोष्ट जेवढी, तेवढीच चूक. तेच दोन मोजमापं पाच दिवसांच्या अंतराने घेतली तर ती ०.६ पाच दिवसांत वाटली जाते आणि रोजची चूक ०.१२ वर येते. म्हणून वापर रोज काढत बसू नका, पाच ते सात दिवसांच्या टप्प्याने काढा.

पद्धत सोपी आहे. त्या पाच दिवसांत डोस (अल्क भरून काढायला रोज घालतो ते द्रावण) अजिबात बदलायचा नाही. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी लाइट लागण्याआधी, डोसच्या आधी, एकाच नमुन्याची तीन मोजमापं घ्यायची आणि मधला आकडा धरायचा. समजा डोस रोज ०.८ वाढवेल इतका आहे आणि अल्क ८.६ वरून ८.१ वर आली. पाच दिवसांत ०.५ घटली, म्हणजे रोज ०.१. वापर झाला ०.८ अधिक ०.१, म्हणजे ०.९.

याहून भरवशाचं मोजमाप डोसच्या डब्यात असतं. डब्यावर टेप लावून पातळीची रेघ मारा आणि दोन आठवड्यांत अल्क एका जागी ठेवायला किती द्रावण उतरलं ते बघा. खाण्याचा सोडा वापरत असाल तर १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम लागतो. तुमच्या ३०० लिटरला रोज ०.९ साठी ८.१ ग्रॅम. डोस ८ ग्रॅमच्या आसपास आणि अल्क स्थिर असेल तर ०.९ खरं. ५ ग्रॅममध्येच स्थिर राहत असेल तर चेकरचा आकडा सोडून द्या. फक्त डोसिंग पंपाची नळी झिजली की तो कमी माल सोडतो, तेव्हा महिन्यातून एकदा मोजपात्रात ५० मिली सोडून तपासा.

आता वापर खरंच वाढला असं धरू. तो कोरलच करताहेत असं लगेच म्हणता येत नाही. हीटर आणि वेव्हमेकरचा (प्रवाह देणाऱ्या पंपाचा) रोटर काढून बघा. पांढरा खरखरीत थर असेल आणि व्हिनेगरमध्ये टाकल्यावर फसफसला, तर तुमची अल्क तिथे बसतेय. ७.५ वरून ९.० वर नेल्यावर हे वाढतंच. काचेवर आणि पंपावर जांभळं कोरलाइन शेवाळ पसरत असेल तर तेही कॅल्शियम आणि अल्क खातं.

इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. कॅल्शियम त्याच प्रमाणात उतरतंय, म्हणजे कोरल वाढताहेत, असं लोक धरून चालतात. १ डीकेएचमागे साधारण ७ पीपीएम कॅल्शियम हे प्रमाण कोरलचंही आहे, कोरलाइनचंही आणि हीटरवरच्या थराचंही. या प्रमाणावरून एवढंच कळतं की कुठेतरी कॅल्शियम कार्बोनेट तयार होतंय. कुठे ते डोळ्यांनीच शोधावं लागतं.

आणि खारेपणा. ३५ चा ३४ पीपीटी (हजारात किती भाग मीठ) झाला तर अल्क ९.० ची ८.७४ दिसते आणि कॅल्शियम ४३० चं ४१८. कोणी काही खाल्लेलं नसतं, पाणी फक्त पातळ झालेलं असतं. रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्यावर शून्य न करता ३५ पीपीटीच्या द्रावणावर लावा. प्रत्येक नोंदीशेजारी खारेपणा आणि तापमान लिहिलेलं असू द्या. तापमान २५ वरून २७ वर गेलं तरी वापर हलतो आणि श्रेय भलत्याच बदलाला जातं.

रिएजंटची (चाचणीच्या रसायनाची) नवी बाटली उघडाल त्या दिवशी एकच नमुना जुन्या आणि नव्या दोन्ही बाटल्यांनी मोजा. त्या फरकाची नोंद नसेल तर पुढचे सगळे आकडे मागच्यांशी जुळवता येत नाहीत.

फ्रॅगट्रे

वर वापराबद्दल लिहिलंय ते सगळं बरोबर, पण तो आकडा अख्ख्या टँकचा आहे. एकट्या ॲक्रोपोराचं काय चाललंय ते त्यात दिसणार नाही. शिवाय कोरल मोठे झाले की वापर आपोआप वाढतो, वेग तोच असला तरी. वेग बघायचा तर फोटो आणि वजन.

फोटोची शिस्त पाळली नाही तर फोटो फसवतो. निळ्या लाइटखाली काढलेले दोन फोटो रंगासाठी एकमेकांशेजारी ठेवायच्या लायकीचे नसतात, कारण फोन प्रत्येक वेळी स्वतःच्या मनाने रंग ठरवतो. दहा मिनिटांसाठी फक्त पांढरं चॅनल ठेवा, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर हाताने लॉक करा, पंप बंद करून पाच मिनिटं थांबा. काचेवर बाहेरून मार्करने ठिपके करून ठेवा आणि लेन्स दर वेळी त्याच ठिपक्यांवर, काचेला अगदी सरळ टेकवा. तिरका फोटो पाणी आणि काचेमुळे ताणला जातो. कोरलशेजारी, त्याच खोलीवर, प्लॅस्टिकची छोटी पट्टी धरा. मागे किंवा पुढे धरली तर माप चुकेल. दर दोन आठवड्यांनी, लाइट लागल्यापासून तेवढ्याच तासांनी. मॉन्टिपोराच्या ताटलीचं क्षेत्रफळ इमेजजे या मोफत प्रोग्रॅममध्ये पट्टीवरून माप लावून काढता येतं. व्यास मोजू नका, ताटली एका बाजूनेच वाढत असते.

वजन हे त्याहून पक्कं, आणि घरी जमण्यासारखं आहे. कोरल पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायचा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, खाली हूक असलेला काटा घ्या आणि दोन आधारांवर ठेवलेल्या फळीवर ठेवा. फळीला मधोमध भोक पाडा, हुकाला बारीक मासेमारीची दोरी बांधून ती भोकातून खाली सोडा, खाली टँकच्याच पाण्याची बादली. फ्रॅग (कोरलचा कापलेला छोटा तुकडा) हवेत न काढता पाण्याखालीच दोरीत अडकवायचा. कोरल कुठेही बादलीला टेकता कामा नये. पाणी शांत होऊ द्या, आकडा थांबला की लिहा, काढून पुन्हा अडकवा, असं तीनदा.

बुडबुडे शोधा. ३ मिमीचा एक बुडबुडा काट्यावर ०.०१४ ग्रॅम कमी दाखवतो आणि प्लगच्या (फ्रॅग चिकटवायच्या बैठकीच्या) खालच्या खोबणीत असे दोन-तीन सहज लपतात. पिपेटने खालून पाण्याचा झोत मारला की सुटतात. खारेपणात एखाद्या पीपीटीचा फरक असला तर लहान फ्रॅगला तेवढाही परिणाम होत नाही, बुडबुडा मात्र निकाल फिरवतो. प्लगची बूड आणि दांडी दर वेळी टूथब्रशने घासा. तिथलं कोरलाइन आणि गोगलगायीच्या नळ्या कोरलच्या नावावर जमा होतात.

रिकाम्या प्लगचं पाण्यातलं वजन आधी घेऊन ठेवायचं आणि ते वजा करायचं. समजा पहिल्या दिवशी कोरलचं पाण्यातलं वजन ३.१० ग्रॅम आलं आणि २८ दिवसांनी ३.७३. वाढ ०.६३ ग्रॅम, म्हणजे सुमारे २० टक्के. सांगाड्याचं कोरडं वजन हवं असेल तर दीडने, नेमकं म्हणजे १.५४ ने गुणा. हा आकडा ॲरॅगोनाइट आणि समुद्राच्या पाण्याच्या घनतेतून येतो. ऊतीचं पाण्यातलं वजन जवळपास शून्य असल्याने पॉलिप फुगलेत की मिटलेत याने काही फरक पडत नाही, आणि या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. तुलना नेहमी टक्क्यांची करा, ग्रॅमची नको.

वजनासाठी एकाच मोठ्या कॉलनीचे चार-पाच फ्रॅग करा. वेगवेगळ्या कॉलनींचे फ्रॅग मुळातच वेगवेगळ्या वेगाने वाढतात, त्यांची तुलना निरर्थक आहे. कापल्यावर पहिले तीन-चार आठवडे मोजू नका. तेव्हा फ्रॅग जखम भरून बूड पसरवत असतो, उंची वाढतच नाही आणि बदल अंगाला लागला नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

मॉन्टीचीकड

पॉलिप जास्त बाहेर येणं ही सुधारणेची खूण नाही. प्रवाह कमी झाला, उजेड कमी पडला, पाण्यात खाण्याचा वास आला किंवा कोरल उपाशी असला तरी पॉलिप लांब येतात. उलट दिशेने मात्र ही खूण कामाची आहे. रोज ठरावीक वेळी उघडणारे सगळे पॉलिप एकदम मिटले तर त्याच दिवशी पाणी तपासा. पॉलिप म्हणजे धोक्याची घंटा समजा, प्रगतिपुस्तक नव्हे.

मॉन्टिपोराची पांढरी कड मला जास्त महत्त्वाची वाटते. तिथे नवा सांगाडा आधी तयार होतो आणि त्यावरच्या ऊतीत कोरलला रंग देणारं, त्याच्या आत राहणारं शैवाल अजून पुरेसं भरलेलं नसतं. म्हणून निरोगी कड पांढरी, गुळगुळीत आणि सलग असते. कड तुटक, दातेरी, किंवा तिच्या आतल्या बाजूला कापसासारखे ठिपके असतील तर मॉन्टिपोरा खाणारे न्यूडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) शोधा. ताटली उलटी करून खालून बघा, अंडी तिथेच असतात.

तुमच्या ॲक्रोपोराची पांढरी टोकं हा खरा प्रश्न आहे. ॲक्रोपोराचं वाढतं टोक एरवीही फिकट असतं, तेव्हा भिंग घेऊन, टॉर्च बाजूने तिरका मारून बघा. टोकावर काचेसारखा पातळ ओलसर थर दिसतोय, मधल्या नळीत पॉलिपचे स्पर्शक दिसताहेत, तर ऊत जिवंत आहे. सांगाड्याच्या खाचा कोरड्या खडूसारख्या तीक्ष्ण दिसत असतील तर तिथे ऊत नाही. शंका राहिली तर दोन-तीन दिवस थांबा. उघड्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाची साय धरते, जिवंत ऊतीवर धरत नाही.

फिकटपणा कुठे आहे हे त्याच्या कारणापर्यंत नेतं. वरची, लाइटसमोरची बाजू फिकट आणि खालची सावलीतली बाजू रंगदार असेल तर उजेड जास्त. सगळीकडून सारखाच पेस्टल फिकट असेल तर नायट्रेट-फॉस्फेट कमी. रंग ठीक पण टोकांची ऊत जळून गेलेली, असं असेल तर वाढलेली अल्क आणि कमी पोषण यांची जोडी. बुडापासून वर ऊत सुटत असेल तर त्याला संथ ऊतनाश म्हणतात, आणि तेव्हा निरीक्षण थांबवून हालचाल करायची. याउलट रंग गडद तपकिरी होणं म्हणजे बहुतेक वेळा पोषण जास्त किंवा उजेड कमी. तो तपकिरी कोरल कुरूप दिसला तरी आजारी असेलच असं नाही.

नायट्रेट, फॉस्फेट किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. शिवाय त्या सहा आठवड्यांत कार्बन (पाणी स्वच्छ करणारा सक्रिय कोळसा) बदलला होता का?

सागरगोटा

नायट्रेट २ पीपीएम. फॉस्फेट मीडिया लावण्याआधी ०.०८ होतं, आता ०.०२. कार्बन चौथ्या आठवड्यात बदलला, नेहमीपेक्षा जास्त भरला, कारण पाणी पिवळट दिसत होतं. भिंगाने पाहिलं: दोन टोकांवर सुमारे ४ मिमी ऊत नाही, आणि वरची बाजू खालच्यापेक्षा स्पष्ट फिकट आहे. पीएआर (कोरलमधल्या शैवालाला वापरता येणारा उजेड) मीटर मिळवून मोजलं, ॲक्रोपोराजवळ ३४० येतंय. बदलाआधीचा आकडा नाही. हीटरवर पांढरा थर होता, रोटरवर थोडा.

मॉन्टीचीकड

मग तीन नव्हे, चार बदल आहेत. पिवळं पाणी निळा-जांभळा उजेड शोषतं. भरपूर ताजा कार्बन टाकला की एक-दोन दिवसांत पाणी स्वच्छ होतं आणि लाइटच्या बटणाला हात न लावता कोरलवर जास्त उजेड पडतो. त्याआधीच बटण ५५ वरून ७० वर, म्हणजे आधीच्या तुलनेत चौथा हिस्सा वाढवलेलं. ३४० हा आकडा सरावलेल्या ॲक्रोपोराला चालतो, एका आठवड्यात तिथे नेलेल्याला जड जातो. पुढे कार्बन नेहमीच्या निम्मा घाला आणि ठरलेल्या दिवशी बदला, म्हणजे पाण्याचा रंग सतत एकसारखा राहील.

टोकांचं कारण मात्र लाइटपेक्षा दुसरं वाटतं: अल्क ९ आणि फॉस्फेट ०.०२. जास्त अल्कमध्ये सांगाडा भराभर पुढे जातो आणि त्यावर चढायला ऊतीला पोषण पुरत नाही, असं याचं सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. ९ अल्क वाईट नाही, पण तिच्यासोबत पोषणही हवं.

खारेपाणी३५

इथे दोन कामं वेगळी करा. कोणत्या बदलाने काय झालं हे शोधायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट हलवायची. पण ऊत जात असताना शोध थांबवायचा आणि कोरल वाचवायचा. या टप्प्यावर दोन-तीन गोष्टी एकदम मागे घेतल्या तर माहिती जाईल, जाऊ दे.

फॉस्फेटचा मीडिया आजच काढा. खडकात साठलेलं फॉस्फेट पाण्यात परत येतं, त्यामुळे काही दिवसांत आकडा आपोआप वर सरकेल. ०.०५ ते ०.०८ ला थांबवा. पुन्हा लावावा लागला तर पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागापासून. नायट्रेट ५ पर्यंत न्या. आधी खाद्य वाढवून बघा, नाहीतर सोडियम नायट्रेट: तुमच्या पाण्याला १ पीपीएम वाढवायला ०.४१ ग्रॅम, दिवसाला त्याहून जास्त नको.

लाइट एकदम ६० वर आणा. कमी करताना टप्पे लागत नाहीत, वाढवतानाच लागतात. कोरलची जागा हलवू नका, नाहीतर प्रवाहही बदलेल.

अल्क पाणी बदलून खाली आणायची गरज नाही. डोस ०.९ ऐवजी ०.७ करा. रोज ०.२ घटत चार दिवसांत ८.२ येईल, मग डोस पुन्हा वापराइतका. हीटर आणि पंप व्हिनेगरच्या पाण्यात तासभर बुडवून धुवा आणि धुतल्यानंतरच्या पाच दिवसांचा वापर वेगळा काढा. ०.९ चा ०.७५ झाला तर तुम्ही ज्याला कोरलची वाढ समजत होता त्यातला काही भाग हीटरवर बसत होता. दोन आकड्यांतला फरक छोटा आहे, तेव्हा हे मोजमाप दोनदा करा.

फ्रॅगट्रे

मेलेल्या टोकांखाली २ ते ३ मिमी जिवंत भाग घेऊन कापून टाका, म्हणजे शेवाळ खाली उतरणार नाही. कापल्याची तारीख लिहा. त्या फांदीची उंची पुढे महिनाभर तुलनेत धरायची नाही.

शोधाचं काम त्यानंतर. सलग तीन आठवडे काहीच बदलायचं नाही: अल्क ८.२ च्या ०.२ इकडेतिकडे, तापमान, खारेपणा, कार्बन, खाद्य सगळं तेच. या तीन आठवड्यांतला वापर, वजन आणि फोटो हीच तुमची पायाची पातळी. ती नसताना केलेला कुठलाही बदल कशाशी ताडून बघणार? मग एकच गोष्ट हलवा. लाइट असेल तर आठवड्याला २ ते ३ टक्के करत ६० वरून ६५, आणि पीएआर आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजून ठेवा.

किती थांबायचं हे खुणेवर अवलंबून आहे. अल्कचा वापर आठवडाभरात हलतो. रंगाला दोन ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे दहाव्या दिवशीच्या रंगावरून निकाल देऊ नका. वजनाला २८ दिवस, फोटोतल्या क्षेत्रफळाला सहा ते आठ आठवडे. ऊत सुटू लागली तर कसलीच मुदत नाही, त्याच दिवशी मागे फिरा. ही माघारीची अट बदल करण्याआधी लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलं की मन आणखी दोन दिवस बघू म्हणत राहतं.

एकच टँक असल्यामुळे शेजारी न बदललेला टँक ठेवून तुलना करता येणार नाही. तरी लाइटच्या बदलाला एक उपाय आहे. त्याच कॉलनीचे दोन फ्रॅग अशा जागी ठेवा जिथे लाइट वाढवल्यावरही आधीचाच पीएआर येईल, म्हणजे थोडे खाली किंवा कडेला, आणि प्रवाह शक्यतो सारखा. वरच्या दोघांचं वजन २८ दिवसांत २० टक्के वाढलं आणि खालच्या दोघांचंही १९ वाढलं, तर लाइटने काही केलं नाही, टँक एकूणच चांगला चाललाय. वर २० आणि खाली १२ आलं तर पुढचे २८ दिवस जागांची अदलाबदल करा. खालून वर जाणारे आधी आठवडाभर मधल्या उंचीवर ठेवायचे, नाहीतर उजेड एकदम वाढेल. वेग जागेबरोबर बदलला तर त्या जागेचाच परिणाम. फ्रॅगबरोबर गेला तर फरक फ्रॅगमध्ये होता.

सागरगोटा

मीडिया काढला, लाइट ६० वर आणला, डोस ०.७ केला. डब्यावर रेघ मारली. अदलाबदलीसाठी चार फ्रॅग पुरतील का?

फ्रॅगट्रे

चार चालतील, सहा घ्या. एखादा प्लगवरून सुटतो, एखाद्यावर खेकडा बसतो. प्रत्येक प्लगच्या बुडाला कापण्याआधीच पेन्सिलने नंबर टाका आणि रिकामं वजन त्याच नंबराने लिहा.